शेपूट कुणी पिरगाळलं?

आमच्या घरात मुताला दोन न्याय होते. बैलाचा वेगळा, माझा वेगळा. शब्द ऐकून नाक मुरडू नका. ज्या घराच्या उंबऱ्यावर रोज सकाळी गोमूत्र शिंपडायचे त्या घरची मी सून, मला असल्या शब्दांची लाज शिकवायला कुणी येऊ नये. मी बसून उठले की सासूबाई ती जागा गोमूत्रानं शुद्ध करायच्या. म्हणजे माझ्या मुताचा विटाळ गाईच्या मुतानं फिटायचा! आणि यावर हसायचीही सोय नव्हती, कारण हसले की पातळ भिजायचं.

माझं माहेर भिंगारचं. वडील कॅन्टोन्मेंटात सिव्हिलियन कारकून होते. घर दोन खोल्यांचं, पण दारात नळ होता आणि मी सातवी पास होते. आई मी लहान असतानाच गेली. मला दिली कोल्हारच्या अलीकडं, पाटपाण्यावरच्या एका बागायतदाराच्या घरात. "ऊस आहे, विहीर आहे, बैलजोडी आहे," असं वडील भेटेल त्याला सांगत सुटले. माणसं कशी आहेत ते विचारायचं तेवढं राहिलं. वर्षभरात वडीलही गेले, आणि भिंगारच्या घरात उरले दादा आणि वहिनी.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी बाळंत झाले. माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच. कळा पहाटे सुरू झाल्या आणि दिवेलागण झाली तरी मूल अडलेलंच. त्या घराण्यात एक रीत होती. कळा लागल्या की बाईनं जागचं उठायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. उठली की मूल वर चढतं म्हणे! कुणाचं चढलं होतं कोण जाणे. मी गयावया केली, "आत्याबाई, एकदा जाऊन येऊ द्या हो, फुटायची पाळी आली." सासूबाईंनी दोन्ही हातांनी माझे खांदे दाबून धरले आणि म्हणाल्या, "आमाला न्हाई का पोरं झाली? गप पड." पायथ्याशी बसलेली सुईण पोटावर रेटे देत होती. अखेर मुलगा आला. धडधाकट. गावभर पेढे वाटले. मी मात्र त्या अंथरुणावरून उठले ती अशी, की खोकले तरी गळायचं, शिंकले तरी गळायचं, आणि घागर उचलली की पायावरून थेट धार.

सुरुवातीला "ओली बाळंतीण हाय, व्हतंय असं," म्हणून चाललं. मग महिने गेले आणि कुजबुज सुरू झाली. मला चुलीपुढं बंदी. देव्हाऱ्यापुढं बंदी. माझी गोधडी उचलून पडवीत टाकली, गोठ्याच्या कुडाला लागून. एकदा तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर प्रश्न मला विचारायचा आणि उत्तरं सासूबाई द्यायच्या. "आळशी हाय, येळेवर उठत न्हाई," हे माझ्या दुखण्याचं वर्णन! डॉक्टरनं मान डोलावली आणि लाल औषधाची बाटली दिली. ते औषध गोड होतं, एवढाच त्याचा गुण.

आमचे हे? त्यांच्याबद्दल काय सांगू. तोंडातून शब्द निघेल तर शपथ. "आई म्हनती तसं," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि तेच शेवटचं. आई काय म्हणत होती तेही एक दिवस कळलं. कुडाला कान लावायची गरज नव्हती, माझ्या देखतच ठरलं ते. कारखान्याचा हंगाम संपला की मला भिंगारला कायमचं पोचवायचं. मुलगा इथंच राहील, तोवर त्याचं अंगावरचं पिणं सुटेल. आणि ह्यांच्यासाठी देवळालीकडची एक मुलगी सासूबाईंच्या डोळ्यापुढं होतीच. दुसऱ्या लग्नाला कायद्यानं बंदी आहे, हे मी सातवी पास बाई सांगायला गेले, तर मामंजी म्हणाले, "कायदा नगरला ऱ्हातो." मुलगा तेव्हा माझ्या मांडीवर झोपला होता. त्याचे केस माझ्या घामानं ओले झाले होते. त्याला सोडून मी वहिनीच्या दारात जाऊन बसायचं, ही कल्पनाच मला सोसेना.

सासूबाईंच्या सोवळ्याची तर कथाच वेगळी. गळ्यात माळ होती, म्हणून सगळं खपायचं. कुणाच्या अंथरुणावर बसायच्या नाहीत. त्यांचं स्वतःचं गोणपाट असायचं, त्याला कुणी शिवायचं नाही. दिवसातून दोनदा-तीनदा अंगावर पाणी घ्यायच्या आणि लुगडं बदलायच्या. ती लुगडी स्वतः पाटावर नेऊन धुवायच्या, सुनेच्या हातचं धुणं चालायचं नाही. परगावच्या लग्नाला जायच्या नाहीत. ऐन वैशाखात घोटभर पाण्यावर दिवस काढायच्या, तेही म्हणे व्रत. गावातल्या बायका हात जोडायच्या, "लई सोवळ्याची बाई!" मला ते निव्वळ ढोंग वाटायचं, आणि अजूनही निम्मं वाटतं.

तर त्याच हंगामातली गोष्ट. उसाची गाडी भरून रानातून निघाली आणि पाटाचं पाणी मुरलं होतं तिथं चाक रुतलं. जोडीतला पांढरा बैल म्हणजे मामंजींचा जीव की प्राण. बैलपोळ्याला त्याला स्वतःच्या फेट्याचं कापड बांधायचे. पण गाडी अडली की जीवही गेला आणि प्राणही. आमच्याकडं बैलाला चाबूक मारला तर लोक बोलतात, "काय मारतोस रं मुक्या जनावराला!" शेपूट पिरगाळलं तर कुणी चकार शब्द काढत नाही. ती रीतच आहे. मामंजींनी शेपूट धरलं, पिरगाळलं, आणखी पिरगाळलं, शेवटी दात लावले. मुळाशी काहीतरी काडकन वाजलं, असं आमचे हे नंतर सांगत होते. गाडी निघाली. मामंजींनी मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलाचं शेपूट सुटलेल्या दाव्यासारखं लोंबत होतं. माशा बसल्या तरी हलेना. आणि खाली सतत थेंब थेंब. शेणही आपोआप पडायचं. बैल बिचारा वळून वळून मागं बघायचा, हे कोण करतंय म्हणून. मी कुडाच्या फटीतून बघत होते आणि मला रडू फुटलं. त्या घरात माझ्यासारखं कुणीतरी पहिल्यांदाच दिसत होतं.

बैलाला कुणी आळशी म्हणालं नाही. त्याची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या झाल्या, मिरच्या झाल्या. त्यानं काही फरक पडेना तेव्हा मामंजी स्वतः सायकल मारत गेले आणि जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आले. हा नवा होता, मुंबईला शिकलेला, फटफटीवरून आला आणि फटफटीसारखाच बोलायला लागला. सगळी आळी गोठ्यात जमली. मी माझ्या जागेवर, कुडाच्या अलीकडं. मला तिथून उठवणार कोण, त्यांनीच बसवली होती.

डॉक्टरनं सुई काढली. मांडीला टोचली तर बैल पाय झाडायचा. शेपटाच्या मुळाशी टोचली तर ढिम्म. मग हाताला साबण चोळून त्यानं मागून हात आत घातला आणि आतून दाबलं. जी धार लागली ती थांबेचना. पुढची माणसं मागं सरली.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाला. "पिशवी गच्च भरलेली आहे. तुम्हाला वाटतं हा मुततोय. हा मुतत नाही, हा उतू जातोय. शेपूट कुणी पिरगाळलं याचं?"

एकजण वर कौलांकडं बघायला लागला. मामंजींनी फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "मी."

डॉक्टरला तेवढंच निमित्त पुरलं. त्यानं तिथं वर्गच भरवला. मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी, आणि तिच्या तोंडाशी स्नायूचंच एक कडं. एरवी पिशवी सैल राहते आणि कडं आवळून धरतं. वेळ आली की पिशवी आवळते आणि कडं सैल होतं. दोघांना हुकूम पोचवणाऱ्या नसा पाठीच्या कण्याच्या शेवटाकडून निघतात. शेपूट म्हणजे नुसता गोंडा नव्हे, ते कण्याचंच टोक. "तुम्ही टोक पिरगाळलंत आणि आतल्या नसा ताणल्या. आता पिशवीला कळत नाही आपण भरलोय ते, आणि कड्याला कळत नाही आवळायचं कधी ते."

मग कॉलेजातल्या गोष्टी. कुत्र्याला भूल द्यायची, पिशवीत बारीक नळी घालायची, थेंबाथेंबानं पाणी सोडायचं. कड्याच्या नसेला विजेचा हलका झटका दिला की कडं असं आवळायचं की पाणी बाहेर येत नसे. तीच नस कापली की पाझर सुरू. आणि पिशवीची नस कापली तर पिशवी नुसती फुगत जायची, आवळायचं तिला सुचायचंच नाही. हे सगळं तो हातवारे करून सांगत होता, आणि आमच्या आळीतले बाप्ये तमाशाला बसल्यासारखे ऐकत होते. परपुरुषापुढं कधी उभ्या न राहणाऱ्या सासूबाईसुद्धा शेवटपर्यंत दारात उभ्या होत्या.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग कुत्रं बसल्या जागी मुतलं, तर त्येचा दोष न्हाई म्हना की."

"कुत्र्याचा कसला दोष?" डॉक्टर हसला. "नस आम्ही कापली."

ते वाक्य मी कुडाच्या अलीकडं बसून ऐकलं. इतके महिने मी स्वतःला शिव्या घालत होते. रात्रंदिवस देवाला विचारत होते, माझं काय चुकलं. आणि हा फटफटीवाला कुत्र्याला एका वाक्यात निर्दोष सोडून मोकळा झाला!

मग मला राहवलं नाही. कुडातूनच विचारलं, "डॉक्टर, गाय अडली, आणि वासरू ओढून काढलं, तर होतं का असं?"

"होतं की. कडं ताणलं जातं, नसा चेंगरतात. पण चेंगरलेली नस तुटली नसेल तर हळूहळू परत कामाला लागते. कड्यालाही व्यायाम लागतो, आवळायचं, सोडायचं. आता गाईला कसं सांगणार, बाई गं, आवळ आणि सोड म्हणून? तिथंच तर सगळं अडतं."

"आणि माणसाला सांगितलं तर?"

डॉक्टरनं कुडाकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले. "मी जनावरांचा डॉक्टर आहे, वहिनी," म्हणाला आणि आपली औषधांची पिशवी आवरायला लागला. वा रे शहाणा! कुत्र्याचं अंतरंग गावासमोर उघडं करताना जीभ अडखळली नाही, बैलाच्या ढुंगणात कोपरापर्यंत हात घालताना लाज वाटली नाही. बाईचं नाव निघालं आणि गडी लाजला. जाऊ दे. मला हवं ते मी उचललं होतं.

त्या दिवसापासून बैलाचे सोहळे सुरू झाले. त्याच्याखाली रोज कोरडं पाचट. मागचा भाग कोमट पाण्यानं धुवायचा आणि तेल लावायचं. डॉक्टरनं शिकवलं तसं मामंजी स्वतः सकाळ-संध्याकाळ हात घालून त्याची पिशवी रिकामी करायचे. माझ्या गोधडीला पाय लागला तर पाय धुवून येणारा माणूस तो! एकदा बाजारातला दलाल आला, म्हणाला, "पाटील, आता ह्यो काय कामाचा? देऊन टाका." मामंजींनी त्याला फाटकापर्यंत हाकललं. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माज्या हातानं झालंय. मरंस्तवर मीच पोसनार त्येला. ज्यानं पिरगाळलं त्यानंच पोसायचं." लोकांनी वाहवा केली. माणूस असावा तर असा, वगैरे. मी पडवीत बसून दात खात होते, आणि ते वाक्य मनात घट्ट बांधून ठेवत होते.

आणि मी आवळत होते. शेण काढताना आवळ आणि सोड. कडबा तोडताना आवळ आणि सोड. मुलाला पाजताना, सासूबाईंची बोलणी खाताना, ह्यांच्या मुक्या तोंडाकडं बघताना. आधी काही कळायचं नाही, कडं आहे तरी कुठं असं वाटायचं. मग एक दिवस शिंक आली आणि पातळ कोरडं राहिलं. मी शेणाच्या पाटीशेजारी बसून वेड्यासारखी हसले, आणि हसतानाही फारसं गळलं नाही. बैलही सुधारत होता. शेपूट मेलं ते मेलंच, पण आता तो मधूनच पाय फाकून, चांगली धार सोडून मुतायचा. त्या धारेला आळीतले लोक "शाब्बास!" म्हणायचे. मला कुणी शाब्बास म्हणालं नाही. मी कुणाला सांगितलंही नाही, कारण मी पूर्ण बरी नव्हते. भरली घागर अजून दगा द्यायची, आणि त्या घराला निम्मी बरी सून चालणार नव्हती.

हंगाम संपला. दादाला निरोप गेला आणि तो एस.टी.नं आला. बिचारा अंगणात बाजेवर खाली मान घालून बसला. सासूबाईंनी माझं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलं होतं. मुलगा त्यांच्या कडेवर होता आणि माझ्याकडं यायला हात पसरत होता. "पोरगं हितंच ऱ्हाईल," त्या दादाला म्हणाल्या. "तुमी बघताच हाय, तिची ही अशी तऱ्हा." आमचे हे खांबाला टेकून नखं कुरतडत होते.

मी गाठोड्याकडं गेले नाही. गोठ्यात गेले, पांढऱ्या बैलाचं दावं सोडलं आणि त्याला अंगणात आणून उभा केला.

मामंजी ताडकन उठले. "येडबीड लागलं का तुला? त्येला कुटं न्हेतीस?"

"भिंगारला," मी म्हणाले. "याचंही गळतंय. आम्ही दोघं जातो."

"बांध त्येला आधी!"

"बांधते. एवढंच सांगा मामंजी, याचं शेपूट कुणी पिरगाळलं?"

शेजारच्या ओट्यांवर माणसं गोळा झाली होती. मामंजींनी इकडं-तिकडं बघितलं. "म्या. सगळ्या गावाला ठावं हाय."

"आणि ज्यानं पिरगाळलं त्यानं काय करायचं?"

वाक्य त्यांचंच होतं, गिळताही येईना.

"मग माझं कुणी पिरगाळलं ते आत्याबाईंना विचारा. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत पिशवी भरलेली, मी पाया पडतेय, आणि माझे खांदे कुणी दाबून धरले ते विचारा. मी वाटेल ते बोलत असेन तर हा बैल आत जाईल आणि मी एस.टी.त बसेन. मुलाकडं वळूनही बघणार नाही."

माझा आवाज चिरकत होता, आणि हो, पातळही थोडं ओलं झालं होतं. होऊ दे म्हटलं. मामंजी सासूबाईंकडं वळले. "खरं हाय का गं?"

सासूबाईंनी मुलाला माझ्याकडं दिलं. नुसतं दिलं, जसं काही त्याला भूक लागली होती म्हणून. मामंजींनी माझ्या हातातलं दावं घेतलं, बैलाला आत नेऊन बांधलं, आणि परत येऊन दादाला म्हणाले, "पाव्हणं, जेवून जावा. ती न्हाई येत." चुकलं, असं कुणी म्हणालं नाही. बैलापुढं फेटा काढणारा माणूस माझ्यापुढं फेटा सारखा करत उभा होता. आमचे हे तेवढ्यात म्हणाले, "मीबी तेच म्हननार हुतो." दादा होता म्हणून वाचले.

गाठोडं सासूबाईंनी आत नेलं होतं. मी मुलाला घेऊन मागोमाग गेले. त्या आपल्या गोणपाटावर बसल्या होत्या आणि स्वतःचं एक जुनं लुगडं टराटरा फाडत होत्या. लांब पट्ट्या काढायच्या, दुमडायच्या, परत दुमडायच्या, काठ आत घ्यायचा. नजर भिंतीकडं, आणि हात आपोआप चालत होते. बघता बघता चळत लागली.

"काठ आत घ्यावा," त्या म्हणाल्या. "न्हाई तर टोचतो."

गळणं टिपायला आत घ्यायच्या कापडाची ती घडी जमायला मला कितीतरी दिवस लागले होते. मी त्यांच्या हातांकडं बघितलं. मग गोणपाटाकडं बघितलं, दोरीवर वेगळ्या वाळणाऱ्या लुगड्याकडं, कोपऱ्यातल्या भरल्या तांब्याकडं, ज्याला त्या दिवसभर तोंड लावायच्या नाहीत.

"आत्याबाई," मी विचारलं, "कधीपासून?"

"तुजा नवरा जल्मला तवापासून."

कुणाला वाटेल मला दया आली असेल. मला संताप आला. एवढी वर्षं स्वतः भिजत बसलेली बाई माझ्यामागं गोमूत्र शिंपडत फिरत होती! "मग माझे खांदे कशाला दाबलेत?"

"माजंबी दाबलं हुतं," त्या म्हणाल्या. जणू ते उत्तरच होतं.

मी ती चळत उचलली आणि निम्मी त्यांच्या मांडीवर आपटली. "आवळायचं आणि सोडायचं. दारात उभं राहून ऐकलंत ना सगळं? उद्यापासून शेण काढायला माझ्याबरोबर यायचं. आणि त्या तांब्यातलं पाणी प्या आधी."

त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या.